प्राण्यांविषयीची, मनाला ऊब देणारी पुस्तके सुचवाल का? (घरात मोठ्याने वाचण्यासाठी)

ओसरी:

नमस्कार. आमच्या घरी बारा वर्षे असलेला भुऱ्या नावाचा गावठी कुत्रा गेल्या महिन्यात म्हातारपणाने गेला. घरात माझे सासरे आहेत, वय अठ्ठ्याहत्तर, आणि पाचवीत शिकणारी मुलगी. दोघांनीही फारसा आकांत केला नाही. पण सासरे अजूनही रात्री जेवताना भाकरीचा शेवटचा चतकोर ताटाबाहेर काढून ठेवतात, मग क्षणभर त्याकडे पाहतात आणि मुकाट्याने तो दुधात कुस्करून खातात. मुलीने साखळी खुंटीवरून काढू दिलेली नाही.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही सासऱ्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून रात्री साडेआठ ते नऊ मी दोघांना काहीतरी मोठ्याने वाचून दाखवते. सध्या त्यांनी स्वतःहून 'जनावरांचे काहीतरी वाच' अशी मागणी केली आहे. वाचनालयातून आणलेल्या पहिल्या पुस्तकात विजार घातलेला एक ससा दर दोन पानांनी खरे बोलण्याचे महत्त्व सांगत होता. सासरे म्हणाले, "हा ससा नव्हे, आमच्या वेळचे हेडमास्तर आहेत." मुलगी हसली, पण पुस्तक तिथेच मिटले.

तेव्हा माझी अपेक्षा अशी आहे की प्राणी प्राण्यासारखाच असावा, माणसाचे आणि त्याचे नाते खरे असावे, भाषा मोठ्याने वाचताना अडखळायला लावणारी नसावी, आणि शक्यतो शेवटी प्राणी मरू नये. मूळ मराठी असो किंवा चांगला अनुवाद, दोन्ही चालेल.

जुना वाचक:

ताई, आपल्याला पहिल्या दिवशी जे नाव दहा जण सांगतील ते 'पाडस', म्हणून त्याविषयी मीच आधी बोलून घेतो. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही अमेरिकन कादंबरी १९३८ साली आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि 'मौज'चे संपादक राम पटवर्धन यांनी ती मराठीत अशी आणली की फ्लोरिडाच्या झुडपी जंगलात राहणारे ते तिघांचे कुटुंब आपल्याकडच्या एखाद्या कोरडवाहू वस्तीवरचे वाटावे. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि भाषांतर कसे असावे हे मुलांना सांगायची वेळ आली की याच पुस्तकाची पाने वाचून दाखवली.

पण आपली शेवटची अट या पुस्तकात मोडते, आणि ती अशी मोडते की त्याला उपाय नाही. बापाला साप चावतो; विष ओढून घेण्यासाठी तो समोर आलेली हरिणी मारून तिचे काळीज जखमेवर लावतो आणि वाचतो; त्या हरिणीचे पोरके पिल्लू मुलगा घरी आणतो. म्हणजे हे नाते सुरू होते तेच एका ऋणातून. पुढे पाडस मोठे होते आणि मक्याचे कोवळे कोंब खाऊ लागते. मुलगा उंच कुंपण घालतो, ते त्यावरूनही उडी मारते, आणि ज्या घरात वर्षभराचे धान्य त्या एका शेतावर अवलंबून आहे त्या घरात शेवटी जे करावे लागते ते मुलालाच करावे लागते. हे पुस्तक क्रूर नाही, उलट मी वाचलेल्या सर्वांत मायाळू पुस्तकांपैकी ते एक आहे. तरीही खुंटीला साखळी लटकत असताना पाचवीतल्या मुलीपुढे ते वाचू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-तीन वर्षांनी ती स्वतः वाचेल. आनंद यादवांच्या 'गोतावळ्या'बद्दलही हेच म्हणेन. बैल, म्हशी, कुत्रा हेच ज्याचे गणगोत आहे अशा शेतगड्याच्या तोंडून आलेली ती १९७१ सालची कादंबरी कोल्हापूरकडच्या बोलीत असल्यामुळे मोठ्याने वाचायला अतिशय गोड आहे; पण शेतावर ट्रॅक्टर येतो आणि गोतावळा पांगतो, हे सासऱ्यांना ऐकवणार असाल तर आधी त्यांना विचारून घ्या.

आता सुचवायचे ते. मुलगी झोपल्यावर सासऱ्यांसाठी दि. बा. मोकाशी यांची 'आता आमोद सुनासि आले' ही कथा वाचा. मुलाच्या मृत्यूने खचून गेलेला रामजी लोहार आणि अडलेल्या जनावराला सोडवण्यासाठी त्याच्याकडेच आशेने पाहणारे गाव, एवढाच ऐवज आहे. रामजीचे सांत्वन कोणी करत नाही. त्याच्या हातांना काम मिळते, इतकेच. गोष्टीत मृत्यू आहे, पण तो आधीच घडून गेलेला आहे, आणि शेवटाकडे जे येते ते जन्माचे आहे. आपल्या अटीचे शब्द पाळले जातात की नाही ते आपण ठरवा. त्यामागचा हेतू मात्र पाळला जातो.

वाचनवेडी:

'शेवटी प्राणी मरू नये' ही अट मला पटत नाही. भुऱ्या गेला हे मुलीने पाहिलेच आहे, मग पुस्तकातला मृत्यू तिच्यापासून लपवून काय साधणार? 'श्यामची आई'मधले 'मोरी गाय' हे प्रकरण आम्ही सगळ्यांनी तिच्याच वयात वाचले, त्यावर रडलो, आणि आमचे काही बिघडले नाही.

जुना वाचक:

वाचनवेडी, लपवा असे मी म्हटलेले नाही, थांबा असे म्हटले आहे. 'मोरी गाय' वाचून आपण रडलो तेव्हा आपल्या गोठ्यातली गाय जिवंत होती, एवढा फरक लक्षात घ्या. शिवाय एकटीने पांघरुणात वाचताना रडणे आणि आजोबांच्या समोर रडू आवरत ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रसंगी पोरे स्वतःपेक्षा मोठ्यांना सांभाळत बसतात.

गोठ्यातला डॉक्टर:

मी सांगली जिल्ह्यात बावीस वर्षे पशुवैद्यकाचे काम करतो. माझ्या पेशाचा पक्षपात गृहीत धरून जेम्स हेरियट यांचे नाव सुचवतो. हे टोपणनाव आहे. माणसाचे खरे नाव जेम्स आल्फ्रेड वाइट (१९१६–१९९५), इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातल्या थर्स्क गावचा जनावरांचा डॉक्टर. त्या काळी तिथल्या पशुवैद्यांना स्वतःची जाहिरात करण्याची मुभा नव्हती, म्हणून त्याने दूरदर्शनवर पाहिलेल्या एका फुटबॉल गोलरक्षकाचे आडनाव उचलले. पन्नाशीच्या आसपास लिहायला बसला आणि १९७० साली पहिले पुस्तक आले.

त्या पुस्तकाची सुरुवातच गोठ्यात होते. हिमवर्षाव चालू आहे, दारातून बर्फ आत येत आहे, हा तरुण डॉक्टर उघड्या अंगाने फरशीवर पालथा पडला आहे आणि त्याचा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात आहे. वासराची मान मागे वळलेली. शेजारी शेतकऱ्याचे काका उभे राहून दुसरा कोणी नामांकित डॉक्टर असता तर त्याने काय केले असते याचे प्रवचन देत आहेत. हे काका मला दर आठवड्याला भेटतात. फक्त आमच्याकडे त्यांच्या डोक्यावर टोपी असते आणि हातात तंबाखूची चंची.

हे वाचून मनाला ऊब का मिळते, ते माझ्या अनुभवातून सांगतो. गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला एका वस्तीवर गेलो होतो. पहिलारू कालवड, वासराचा पुढचा उजवा पाय गुडघ्यातून मागे दुमडलेला. अशा वेळी ओढून चालत नाही. कळ थांबेपर्यंत वाट पाहायची, वासराला आत ढकलायचे, खूर तळहातात झाकून घ्यायचे म्हणजे गर्भाशयाला इजा होत नाही, आणि मग पाय हळूहळू पुढे आणायचा. कळ आली की आपलाच हात असा आवळला जातो की बोटे बधिर होतात. तासाभराने पाय सरळ झाला, दोरीचा फास बसला आणि वासरू बाहेर आले, पण श्वास घेईना. घरच्या आजींनी मला बाजूला सारले, नाकातोंडातला चिकटा पदराने काढला आणि गवताची काडी त्याच्या नाकपुडीत घातली. वासरू शिंकले. कालवडीने वळून त्याला चाटायला सुरुवात केली आणि मग त्या गोठ्यात आम्हा माणसांकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. मला वाटते प्राण्यांच्या चांगल्या गोष्टीत हेच असते: माणूस धडपडतो आणि प्राणी आभार मानत नाही, तो आपल्या कामाला लागतो.

मुलीसाठी हेरियटकडे विनोदी प्रसंगही भरपूर आहेत. एका श्रीमंत बाईंचा ट्रिकी वू नावाचा पेकिनीज कुत्रा लाडाने खाऊन खाऊन इतका फुगतो की त्याला उठवेना. डॉक्टर त्याला दवाखान्यात घेऊन येतो आणि औषध म्हणून काहीही देत नाही. दोन दिवस नुसते पाणी, आणि मग इतर कुत्र्यांबरोबर हुंदडणे. बाई मात्र त्याची ताकद भरून यावी म्हणून रोज ताजी अंडी, मग वाइन, मग ब्रँडी पाठवत राहतात आणि हे सगळे डॉक्टर मंडळीच फस्त करतात. कुत्रा बरा झालेला पाहून बाई त्याला शस्त्रक्रियेचा चमत्कार म्हणतात, आणि डॉक्टरला त्याला घरी पाठवणे जिवावर येते.

इंग्रजी सोपे आहे. मी तर म्हणेन एक प्रकरण आपण आधी वाचावे आणि रात्री मराठीत सांगावे. गोठ्यावरच्या पुस्तकांच्या अनुवादांचे माझे एक दुखणे आहे. एका पुस्तकात (कोणते ते राहू द्या) वार (व्याल्यानंतर पडणारे गर्भाचे आवरण) न पडलेल्या गाईची 'नाळ अडकली' असे छापलेले वाचून मी ते बाजूला ठेवले. चीक, वार, माज, पान्हा हे शब्द आपल्या सासऱ्यांना तोंडपाठ असतील. आपण अडलात तर तेच शब्द पुरवतील.

नर्मदाकाठ:

आम्ही तीन पिढ्या इंदूरचे, घरात मराठी आणि शाळेत हिंदी. म्हणून माझी शिफारस हिंदीतली आहे, पण ती आपल्या घरी वाचायला काहीच अडचण येणार नाही. महादेवी वर्मा यांचे 'मेरा परिवार' हे त्यांच्या प्राण्यांवरील रेखाचित्रांचे पुस्तक १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्यातली 'गिल्लू' ही खारीची गोष्ट नववीच्या हिंदीच्या पाठ्यपुस्तकात असल्यामुळे इकडच्या कित्येक मुलांना ती पाठच असते.

दोन कावळे कुंडीभोवती चोची मारत आहेत म्हणून लेखिका पाहायला जाते, तर कुंडी आणि भिंत यांच्या फटीत खारीचे जखमी पिल्लू. ती रक्त पुसून पेनिसिलिनचे मलम लावते आणि कापसाची वात दुधात भिजवून त्याच्या तोंडाशी धरते. पुढे त्याला बाहेरच्या खारींकडे जाता यावे म्हणून ती खिडकीच्या जाळीचे खिळे काढून एक कोपरा मोकळा करते, आणि ते दिवसभर बाहेर राहून संध्याकाळी परत येते. लेखिका अपघातानंतर इस्पितळात असते तेव्हा गिल्लू आपले आवडते काजू खात नाही. घरी परतल्यावर ते त्याच्या झोपाळ्यात साठलेले सापडतात. उन्हाळ्यात तो लेखिकेजवळ सुरईवर पसरून झोपतो, म्हणजे जवळही राहता येते आणि गारही. हे शेवटचे निरीक्षण मला सगळ्यांत आवडते, कारण त्यात भावनेचा शब्दही नाही.

गिल्लू शेवटी जातो, हे आधीच सांगतो. खारीचे आयुष्य जेमतेम दोन वर्षांचे, असे लेखिका सांगते आणि त्या हिशेबानेच तो जातो. सोनजुहीच्या वेलीखाली त्याला पुरतात. बाराव्या वर्षी म्हातारपणाने गेलेल्या कुत्र्याच्या घरात ही गोष्ट चालेल असे मला वाटते, कारण इथे कोणी कोणाला मारत नाही. त्याच पुस्तकातली 'गौरा' मात्र मुळीच वाचू नका. धंदा बुडाला म्हणून एक गवळी त्या गाईला गुळातून सुई चारतो. मी ती चाळिशीत वाचली आणि दोन दिवस जेवण गेले नाही.

आणि अट काटेकोर पाळायची असेल तर प्रेमचंदांची 'दो बैलों की कथा'. हिरा आणि मोती ही बैलजोडी दोनदा परक्या दावणीवरून पळते, कोंडवाड्याची भिंत पाडून आतली गाढवे-शेळ्या मोकळी करते, कसायाच्या हातून निसटते आणि शेवटी आपल्या गोठ्यात येऊन उभी राहते. बैल आपसांत बोलतात, पण उपदेश करत नाहीत. आपल्या सासऱ्यांचे हेडमास्तर त्यात नाहीत.

मोहफूल:

विदर्भातून कोणीच हेमलकशाचे नाव कसे घेतले नाही? २३ डिसेंबर १९७३ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड परिसरात, हेमलकसा गावी, लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथल्या माडिया आदिवासींसाठी दवाखाना काढला, हे सर्वांना माहीत आहे. प्राण्यांचे अनाथालय मात्र ठरवून काढलेले नाही. शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावर मेलेली माकडीण होती आणि तिच्या अंगाला जिवंत पिल्लू चिकटलेले होते. ते मागून घेतले, तीच बबली. मग ज्यांची आई शिकारीत गेली अशी पिल्ले येत राहिली: अस्वले, हरणे, बिबटे. विलास मनोहर यांचे 'नेगल' याच गोतावळ्याविषयी आहे आणि नेगल हे त्यातल्या बिबट्याचे नाव. प्रकाश आमटे यांचे स्वतःचे 'रानमित्र' मुलीच्या वयाला अधिक सोपे जाईल. त्यात प्राण्यांची छायाचित्रेही आहेत.

'नेगल' मला जास्त आवडते, कारण त्यात नुसते लाड नाहीत. बिबट्याचे पिल्लू मांडीवर खेळते हे वाचायला छान; पण त्याला रोज मांस कुठून आणायचे, त्याची नखे खेळतानाही कशी लागतात, पाहुणे आले की काय करायचे, हा सगळा संसार त्यात येतो. आणि माडियांना खलनायक केलेले नाही. तिथे माणूस भुकेपोटी माकड खात होता. पिल्लू मागताना ती भूक आधी समजून घ्यावी लागली. हा भाग वाचताना घाई करू नका, मुलांना तो बरोबर कळतो.

एक सूचना मात्र जरूर द्या. आमच्या ओळखीच्या एका घरात हे वाचून मुलांनी जखमी पोपट पाळायला घेतला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे पोपट आणि इतर संरक्षित वन्य प्राणी घरी पाळता येत नाहीत. जखमी प्राणी सापडला तर वनविभागाला कळवायचे असते. भुऱ्यासारखा गावठी कुत्रा मात्र केव्हाही आणता येईल, अर्थात घाई नाही.

गोठ्यातला डॉक्टर:

मोहफूल यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. सासऱ्यांना विचारल्याशिवाय पिल्लू आणू नका. 'आता माझ्याच्याने पुन्हा नको' असे म्हणणारी माणसे सहा महिन्यांनी स्वतःच पिल्लू उचलून आणतात, पण ते त्यांनी आणायचे असते.

ओसरी:

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांचा वृत्तान्त देते.

पहिल्या दोन रात्री 'गिल्लू' हिंदीतून वाचत वाचत मराठीत सांगितली. शेवट येणार हे मी मुलीला आधीच सांगून टाकले होते, ती म्हणाली, "मग सावकाश वाच." ती रडली नाही. तिने एवढेच विचारले की जाळीचा कोपरा उघडा ठेवल्यावर मांजर आत येत नसे का, आणि आजोबांनी यावर बराच वेळ विचार करून 'येत असणार, बाईंनी लिहिले नसेल' असा निकाल दिला. ट्रिकी वूची गोष्ट सांगितली तेव्हा ब्रँडी कोणी प्यायली याला दोघेही खूप हसले, आणि भुऱ्यालाही एकदा गणपतीत मोदक खाऊन दोन दिवस उठवत नव्हते याची उजळणी झाली. त्याचे नाव घरात इतक्या मोकळेपणाने महिन्याभरात पहिल्यांदाच निघाले.

जुना वाचक काका, मोकाशींची कथा आपण सांगितल्याप्रमाणे मुलगी झोपल्यावर वाचली. वाचून झाल्यावर सासरे काहीच बोलले नाहीत, दिवा मालवायला सांगितले. मला वाटले चुकलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "तो लोहार उठून गेला ते बरे केले."

काल 'दो बैलों की कथा' सुरू केली आणि ती कोंडवाड्यापर्यंतच पोहोचली. सासरे मूळचे माण तालुक्यातले. त्यांनी मला हाताने थांबवले आणि १९७२ च्या दुष्काळात आपली बैलजोडी वैरणीसाठी कराडजवळ नदीकाठच्या पाहुण्यांकडे चालत नेऊन बांधली त्याविषयी बोलू लागले. सर्ज्या आणि पाखऱ्या. जाताना वाटेत एका विहिरीवर पाणी मागितले तेव्हा तिथल्या बाईने आधी बैलांना पाजले आणि मग माणसांना. पाऊस पडल्यावर ते जोडी आणायला गेले, तर लांबूनच त्यांचा खोकला ऐकून सर्ज्याने दावे ताणले. मी इतकी वर्षे या घरात आहे, पण या बैलांची नावे मला काल कळली. मुलीने विचारले, "आणि पाखऱ्या?" तेवढ्यात साडेनऊ वाजले होते. ते म्हणाले, "पाखऱ्याचे मोठे आहे, उद्या सांगतो."

तेव्हा आज रात्री पुस्तक उघडले जाणार नाही असे दिसते. 'रानमित्र' वाचनालयातून आणून ठेवले आहे, ते पुढच्या आठवड्यात.